टाळांवाचून नाताळ
सरकीच्या ढेपेचा वास आला की मला नांदुऱ्यातली एक नाताळची सकाळ आठवते. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि मी सतरा वर्षांची होते. कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या गल्लीत आमची ख्रिस्ती घरं चारच. दरवर्षीसारखे आम्ही दहा-बारा जण येशूजन्माची भजनं टाळांवर गात निघालो, आई सर्वांत पुढे. ढेपेच्या दुकानापाशी दुकानदार आडवा आला. "हे टाळ आमच्या देवाचे हायेत. तुमी काऊन वाजवून राह्यले?" आई म्हणाली, "माह्या बापाचे हायेत, दादा. तोही यावरच गात होता." त्याने ते तिच्या हातातून हिसकावले आणि दुकानात भिरकावले. बघणारे हसले. कुणीतरी म्हणालं, "गोऱ्यायच्या देशात जाऊन गा ना." आमच्यातले दोघे घराकडे वळले. मी खाली वाकून दगड उचलला. आईने तो पाहिला आणि हळूच म्हणाली, "टाक तो. टाळी वाजवाले दोन्ही हात लागतात." मी टाकला. तिने राहिलेलं भजन टाळीवर उचललं, तसे ते दोघेही परत आले. मी नुसत्या रागाने गात होते. पण पुढच्या कडव्याला सगळ्यांचे आवाज असे एक झाले की अंगावर काटा आला, आणि देव आपल्यात जन्मला आहे हे मला पहिल्यांदाच खरं वाटलं. टाळ त्याने कधीच परत केले नाहीत. आता मी ऐंशीला टेकले आहे. रोज क्षमेची प्रार्थना करते, पण त्या माणसाचं नाव अजून तिच्यात घेता आलेलं नाही.