वच्छलाबाईंच्या मेंढ्या

बावीस वर्षं मी मुदत ठेवींच्या खिडकीवर बसतोय. लोक येतात, व्याज विचारतात, तोंड वाकडं करतात आणि त्याच कागदावर सही करून जातात. व्याजदर जणू मीच ठरवतो, अशा नजरेनं माझ्याकडं बघतात. सुरुवातीला मी समजावून सांगायचो. आता नुसता शिक्का मारतो.

वच्छलाबाई मात्र शिक्क्यावर भागणाऱ्या नव्हत्या. अजिंठ्याच्या बाजूच्या, मेंढपाळाच्या घरातल्या. नवरा मुंजाबा गेल्यावर त्यांनी सगळा कळप विकला आणि पाच लाख रुपये पिशवीतून आमच्या सिडकोतल्या शाखेत आणले. मुकुंदवाडीत एक खोली भाड्यानं घेतली. एका खानावळीत भाकरी थापून पोटाचं भागायचं आणि ठेवीच्या व्याजातून खोलीचं भाडं. कागदोपत्री वय अठ्ठावन्न, आवाज मात्र अजून माळावरचा. खिडकीशी बोलल्या तरी पार मॅनेजरच्या केबिनपर्यंत ऐकू जायचं.

ठेव म्हणजे काय ते मी त्यांना सांगायला गेलो, तर त्यांनीच मला सांगितलं.

"म्हंजी अर्धलीनं दिल्यावानीच की! माझ्या मेंढ्या तुमी चारायच्या, व्हतील ती कोकरं वाटून घ्यायची, अन् मेंढ्या माझ्या मला परत."

त्यांच्याकडं कुणाला मेंढ्या झेपेनाशा झाल्या की दुसऱ्याच्या कळपात सोडायची रीत आहे. राखणारा आणि मालक कोकरं निम्मी-निम्मी घेतात. मला वाटलं, बरं झालं, आपली शक्ती वाचली.

तेव्हा दर पाचाच्या आसपास होता आणि खोलीचं भाडंही दोन हजारच. मग रिझर्व्ह बँकेनं दर वाढवत नेले आणि २०२३ साली त्यांची ठेव सात पूर्णांक एक टक्क्यानं पुन्हा लागली. महिन्याला एकोणतीसशेच्या वर व्याज, आणि खोलीचं वाढलेलं भाडं बरोबर एकोणतीसशे. बाईंनी गुलमंडीवरून पेढे आणले. मला दोन दिले, शिपायाला दोन दिले आणि उरलेला पुडा घेऊन शहरातल्याच सातारा परिसरात लेकीच्या घरी गेल्या.

ही लेक प्रेरणा, एका दवाखान्यात नर्स. जावई शिवम वाळूजला कंपनीत. २०२१ मध्ये कर्ज स्वस्त होतं म्हणून दोघांनी आमच्याच शाखेतून बावीस लाख उचलून फ्लॅट घेतला. दर वाढले तसा त्यांचा हप्ता जवळपास दोन हजारांनी चढला, शिवाय कर्जाची चार-पाच वर्षंही वाढली. ते कळवणारं बँकेचं पत्र आणि आईचे पेढे एकाच आठवड्यात घरात आले. पोरीनं पत्र उशीखाली सारलं आणि पेढा हसत हसत खाल्ला. हे तिनंच मला नंतर सांगितलं. आईच्या आनंदावर विरजण कशाला घालायचं, म्हणाली. मग हप्ता भागवायला डबल ड्युट्या करत राहिली, आणि सृष्टी, तिची पाच वर्षांची मुलगी, शेजाऱ्यांकडं वाढू लागली.

प्रेरणाचा एकच हट्ट होता, आईनं तिच्याकडं राहायला यावं. वच्छलाबाईंचं एकच उत्तर होतं, "जावयाच्या दारात मी पडून राहनार नाय." सृष्टी जन्मेपर्यंत त्या लेकीच्या घरी पाणीसुद्धा पीत नव्हत्या. नंतर जेवायला लागल्या, पण मुक्काम नाही आणि लेकीच्या पैशाला हात नाही.

गेल्या वर्षी, दिवाळीच्या आधी, ठेवीची मुदत संपली. दर उतरले होते. मी नवा आकडा सांगितला, सहा पूर्णांक चार.

"कामून?" सगळी शाखा वळून बघायला लागली. "तुमच्या मेंढ्यायला रोग पडला का?"

"मावशी, सगळीकडंच कमी झालंय."

"अन् भाडं? ते कमी झालं का? आता मी काय, भावाच्या दारी जाऊ?"

तेव्हा मला पहिल्यांदा उमजलं, की महिन्याचे तीनशे रुपये कमी म्हणजे या बाईची खोली जाते. ती गेली की हिला स्वतःचं म्हणावं असं छप्पर उरत नाही. मनाला लागलं, पण तोंडातून भलतंच निघालं.

"तुमचं कमी झालं तरी तुमच्या प्रेरणाचं भलं झालं ना! तिच्या कर्जाचा दरही उतरला."

"तिचा काय संबंध?"

सांगावं लागलं. ठेवीचा दर वाढतो तेव्हा कर्जाचाही वाढतो, आणि उतरताना दोन्ही उतरतात. मागं रांग चुळबुळ करत होती.

"म्हंजी मी पेढे घिऊन गेले तवा..."

"हो."

"अन् तिनं खाल्ला की हो!" त्यांचे डोळे भरले. मग पदरानं ते पुसून एकदम व्यवहाराला लागल्या. "तिला आता किती लावता?"

"आठ पूर्णांक एक."

"अन् मला देता सहा. मेंढ्या माझ्या, चरत्यात लेकीच्या रानात, मग मधली कोकरं कुठं जात्यात?"

"त्यातनंच आमचा पगार होतो, मावशी."

रांगेतले लोक हसले. मीही हसलो, जरा ओशाळून.

"मग मी माझ्या मेंढ्या सरळ लेकीलाच अर्धलीनं दिल्या तर?"

बावीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मी होऊन कुणाला सुचवलंही नव्हतं. मी एका कागदाच्या पाठीमागं गणित मांडलं. पाचातला एक लाख बँकेतच ठेवायचा, दुखण्याखुपण्याला. चार लाख प्रेरणाच्या कर्जात भरायचे. तिचा साडेअठरा हजारांचा हप्ता पस्तीसशेनं उतरतो. त्यातले चोवीसशे तिनं आईला द्यायचे, म्हणजे आईला जुना सात टक्क्यांचा दर मिळाला. लाखाचं व्याज धरून भाडं निघतं, आणि तरी प्रेरणाच्या हातात अकराशे उरतात. मी पुन्हा तपासलं. दोघींचा फायदा होत होता.

अर्धलीचा सौदा तिसऱ्या माणसासमोर होतो, म्हणून रविवारी बाईंनी मलाच सातारा परिसरात नेलं. प्रेरणा ऐकेचना.

"आई, तुझ्या मेंढ्यांचे पैसे मी घ्यायचे आणि वर तुला व्याज मोजायचं? लोक काय म्हणतील? तू इथं राहायला ये, भाड्याचा प्रश्नच नको."

"फुकट राहनार नाय. अन् मी तुला देत बी नाय काही. राखायला टाकतेय. कोकरं माझ्या हक्काची, तू उपकार करायची नाय."

"मामी, मंजूर," शिवम मध्येच म्हणाला. "पण एखादं कोकरू कमी-जास्त झालं तर?"

"तर जावईबापू, रानात यीऊन मोजीन."

शिवम इतका हसला की चहा सांडला. प्रेरणाही हसली, मग रडली, आणि शेवटी तिनं मान डोलावली. मी दोन ओळी लिहून दिल्या, तिघांच्या सह्या घेतल्या.

पहिल्या महिन्यात प्रेरणानं पंचवीसशे दिले. वच्छलाबाईंनी शंभर परत केले. "हे तुझं हाय. मेंढ्यायचं चोवीसच." दुसऱ्या महिन्यापासून प्रेरणानं डबल ड्युट्या घेणं थांबवलं.

मागच्या मंगळवारी दोघी खिडकीशी आल्या. प्रेरणाच्या हातात फ्लॅटचं वीजबिल होतं.

"गोकुळभाऊ, ते पत्ता बदलायचा कागद द्या."

"का मावशी? भाडं तर निघतंय ना?"

"निघतंय. रोख हाय." त्या ताठ उभ्या होत्या. "पन माझ्या मेंढ्या साताऱ्यात अन् मी मुकुंदवाडीत, असं कुठं असतंय का? मेंढ्या बसत्यात तिथंच मेंढकीनं अंग टाकायचं असतंय. आता कुनाच्या दारात नाय मी, माझ्या कळपात हाय."

प्रेरणा माझ्याकडं बघून डोळे मोठे करत होती, काही बोलू नका म्हणून.

मी फॉर्म भरायला घेतला. नाव लिहिलं, खाते क्रमांक लिहिला, बिलावरून फ्लॅटचा नंबर उतरवला. खाली दोन चौकोन होते. ही बाई जन्मभर कळपामागं गावोगाव फिरलेली, नंतर भाड्याच्या खोलीत राहिलेली.

"मावशी, पत्ता तात्पुरता लिहू का कायमचा?"

वच्छलाबाईंनी लेकीकडं पाहिलं.

"कायमचा लिवा," त्या म्हणाल्या. आणि त्यांचा आवाज, पहिल्यांदाच, फक्त मला ऐकू आला.