दाजींची शेवटची फिल्म

दाजींशी बोलायला बसलं की त्यांचे हात दिसायचे नाहीत. मांडीवर काळ्या कापडाची पिशवी, तिला दोन बाह्या, आणि त्या बाह्यांत कोपरापर्यंत खुपसलेले हात. आत बोटं चाललेली असायची आणि दाजी आपल्या तोंडाकडे बघत पीकपाणी विचारायचे. नवखा माणूस बिचकायचा. पिशवीत सिनेमाची फिल्म असायची. तिचा लांब तुकडा कापून ते साध्या फोटोच्या कॅमेऱ्यात बसणाऱ्या रिळात भरायचे. उजेड लागला की फिल्म वाया, म्हणून सगळं चाचपून.

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. मुंबईत शूटिंगवर कॅमेऱ्यांत फिल्म भरायचं काम त्यांनी बरीच वर्षं केलं. डिजिटल आलं, काम सुटलं, आणि ते आक्काला नि लेकरांना घेऊन चौसाळ्याला वडिलांकडे परतले. हायवेवर मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. शूटिंगात उरलेल्या, कुणालाच नको असलेल्या फिल्मचे डबे त्यांनी सोबत आणले होते. ते फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीशेजारी असायचे. आक्का कुरकुरायची. "आजवर दुसऱ्याचीच फिल्म भरली, पाव्हणं," दाजी मला म्हणायचे, "आता जरा माझी भरतो."

फिल्म धुणंही घरीच, ओसरीवर. सिनेमाच्या फिल्मच्या पाठीला काजळीसारखा थर असतो. कोमट पाण्यात सोडा घालून दाजी तो बोटांनी हळूहळू पुसून काढायचे आणि बादलीत शाईसारखं पाणी उतरायचं. औषधं पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरलेली. आत हवा राहिली की औषधाचा जोर उतरतो, म्हणून बाटल्या दाबून चेपलेल्या. एक बाटली मात्र सरळ उभी असायची. तिच्यात हायवेवरच्या बॅटरीवाल्याकडून आणलेलं अ‍ॅसिड होतं. ते थेंब-थेंब पाण्यात घालून वापरायचं. दिसायला पाण्यासारखं, वास नाही. बाटलीवर चिठ्ठी नव्हती.

दाजींच्या वडिलांना सगळे तात्या म्हणत. बापलेकांत बोलणं बेताचंच. दाजी कॅमेरा घेऊन समोर आले की तात्या म्हणायचे, "काढ बाबा, काढ एकदाचा. पर दिसू दे तरी कवातरी." कारण रीळ संपून धुवेपर्यंत दाजी कुणाला काही दाखवू शकायचे नाहीत.

त्या उन्हाळ्यात तात्या शेतातून भर दुपारी आले. आक्का टँकरच्या रांगेत होती, दाजी दुकानात. माठ कोरडा. ओसरीवर बाटली दिसली, ती त्यांनी तोंडाला लावली.

बीडच्या दवाखान्यात ते आठवडाभर होते. घसा जळाला होता, आवाज गेला होता. "कावून औषध घेतलं तात्या?" असं येणारा प्रत्येक जण विचारायचा, आणि तात्या पांढऱ्या चादरीवर हात आडवा हलवायचे. न्हाई, न्हाई. तो हात कुणालाच कळला नाही. आठवडा सरला आणि ते गेले.

आमच्याकडं म्हाताऱ्या माणसानं बाटली तोंडाला लावली म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. सुनेनं जेवायला घातलं नसेल, पोरानं हाकललं असेल, म्हणून त्यानं फवारणीचं औषध घेतलं. शिरूर कासारहून तात्यांची बहीण आली. आत्याबाई उंबऱ्यातच कोसळल्या आणि हंबरडा फोडून म्हणाल्या, "माझा भाऊ भित्रा नव्हता रे! काय केलंत तुमी त्याला?"

दाजी भेटेल त्याला सांगू लागले, "तात्यांनी जीव दिला न्हाई. बाटली माझी होती. फोटोचं औषध." लोक मान हलवायचे आणि पाठ वळली की म्हणायचे, घराची अब्रू झाकतोय. फोटोला कशाला लागतंय अ‍ॅसिड? मोबाईलमधी निघतोय की फोटो.

आक्का रडत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. लोक म्हणत्यात ते म्हणू द्या. तुमी कबूल झालात तर पोलीस तुमालाच धरतील. लेकरं हायत आपली."

"मग तात्याला कोण हाय?" दाजी म्हणाले.

दहाव्याचे विधी उरकून सगळे अंगणात बसले होते. दाजींनी औषधं, फिल्म धुवायची झाकणबंद टाकी, पाण्याची बादली मधोमध आणून मांडली. कॅमेऱ्यातली फिल्म काळ्या पिशवीत काढून टाकीत भरली. कुणीतरी पुटपुटलं, "ह्याचं डोकं फिरलं." दाजी एकेक औषध ओतत, मोठ्यानं सांगत होते. "पहिलं औषध फिल्मवर चालत ऱ्हातं. ते थांबवायला हे लागतं." त्यांनी पाण्याच्या बाटलीत भरलेलं अ‍ॅसिड वर धरलं आणि त्यातलं थोडं शहाबादी फरशीवर सांडलं. फरशी फसफसली, पांढरा फेस आला. "तात्यांनी हे पाणी समजून तोंडाला लावलं," ते म्हणाले. पुढं बसलेली माणसं मागं सरकली.

शेवटी टाकीतून फिल्म निघाली. काळा थर गेलेला, नारिंगी, ओली. दाजींनी ती आत्याबाईंपुढं उन्हात धरली. त्यात कडब्याच्या गंजीपाशी तात्या बसले होते. धोतर काळं, चेहरा पांढुरका, सगळंच उलटं. आत्याबाईंनी डोळे बारीक केले.

"एक पाय मुडपून बसायचा," त्या म्हणाल्या. "ह्यो माझा भाऊच हाय." नजर फरशीवरच्या पांढऱ्या डागाकडं वळली. मग म्हणाल्या, "म्हंजी त्यानं जीव दिला न्हाई."

"न्हाई आत्या. मी घेतला."

आत्याबाई उठल्या. त्या घरात पाणीही न घेता शिरूरच्या गाडीला लागल्या. त्यानंतर आल्या नाहीत.

पोलिसांनी दाजींचे जबाब घेतले, चौकशी रेंगाळली आणि पुढं थंडावली. गावाचं तसं झालं नाही. दुकानाकडं माणूस फिरकेना. शाळेत लेकरांना पोरं विचारू लागली. वर्षाच्या आत दाजींनी दुकान मोडलं आणि आक्का-लेकरांना घेऊन ते पुण्याला एका गोदामावर पहारेकरी म्हणून लागले. निघताना फ्रीजमधले डबे त्यांनी उन्हात उघडून ठेवले. ती फिल्म कायमची गेली. मी अडवलं नाही. आक्का दारात उभी राहून बघत होती.

चौसाळ्याला माझं अजून जाणं-येणं असतं. दाजींचा अधूनमधून फोन येतो. तब्येत, पाऊस, माझी पोरं असं सगळं विचारून होतं. मग विचारतात, "पाव्हणं, तात्याबद्दल काय म्हणत्यात गावात?"

"चुकून गेले म्हणतात, दाजी."

"बरं," ते म्हणतात, आणि फोन ठेवतात. स्वतःबद्दल गाव काय म्हणतं, हे त्यांनी अजून एकदाही विचारलेलं नाही.