चंद्रावरचा पंचनामा

काल लोणावळ्यात नातीच्या मोबाइलवर अवकाशातल्या पोलिसांची टर उडवणारं ते जुनं कार्टून दिसलं आणि मी मनानं थेट लहानपणीच्या भाजे गावात, शेजारच्या हमीदामावशीच्या टीव्हीपुढं जाऊन बसलो.

माझे वडील, आबा, पोलीस हवालदार. त्यांनी घरातून हाक मारली की मळवली स्टेशनातून सुटलेली गाडीसुद्धा थांबायची! पण आई गेली आणि त्या आवाजाला कुलूपच लागलं. शेवटी मावशीनं त्यांना ओढून टीव्हीपुढं बसवलं.

पडद्यावर चंद्रावर चोरी झालेली. इन्स्पेक्टर एकटाच तरंगत पंचनामा लिहायला लागला. आबा एकदम गरजले, "आरं, पंच कुटं हायेत? पंच न्हाईत नि कसला पंचनामा करतुयास?"

सगळे खो खो हसले. आबा तर असे हसले, की घराची कौलं हातभर सरकली. हसता हसता ते सवयीनं शेजारी वळले, "अगं, बघितलंस का ह्याला?"

शेजारी कुणीच नव्हतं.

मागून मावशी हळूच म्हणाली, "व्हय, बघितलं की."

तेव्हा मला वाटलं, मावशी थट्टा करतेय. आता बायको गेल्यापासून मीही असाच वळतो, आणि मागून कुणी व्हय म्हणत नाही.