भंगारवाल्याने राखलेली अब्रू

आमच्या शिरगावच्या बिल्डिंगखाली दर रविवारी सकाळी एक भंगारवाला यायचा. बीअरची बाटली हातात आली की तिच्यावरच्या घासलेल्या पांढऱ्या पट्ट्यावरून तो प्रेमाने अंगठा फिरवायचा. "ही नवी नाय, शेठ. कारखान्यात धुतात, परत भरतात. चार-पाच घरं फिरून आलीय, पण कधी कोणाचं नाव सांगितलं नाय तिने." मग बाटली गोणीत अशी ठेवायचा की काचेचा आवाज होत नसे.

एकदा मी माझ्या रिकाम्या बाटल्या त्याला देत होतो आणि नेमकी आई खाली आली. "ह्या कोणाच्या?" मला घाम फुटला. तो मानही वर न करता म्हणाला, "वरच्या काकांच्या, मावशी." आई काकूंची कीव करत निघून गेली. मी त्याला चहा पाजला.

पुढच्या रविवारी त्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. "बाळा, लग्न व्हायचंय तुझं, जरा कमी घे. गोणीत एवढ्या बाटल्या! भंगारवाल्याला विचारलं, तर म्हणाला, सगळ्या तुझ्याच."

मी तोंड उघडणार, एवढ्यात काकूंच्या पाठीमागे उभ्या असलेल्या काकांनी मला हात जोडले.