परूश्याची दाढी

चर्चच्या पाळकीणबाईंनी तागाची दाढी माझ्या हनुवटीला बांधली, माझं तोंड उजेडाकडं वळवलं आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "हिलाच परूशी करा. काळं फासायचं काम न्हाई."

सगळे हसले. मीही हसले. लहान होते.

जळकोटच्या आमच्या चर्चमध्ये उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी येशूच्या दुःखसहनाचं नाटक होतं. येशू पाळकांच्या घरातला, मरिया गुरुजींच्या घरातली. ते तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. आम्ही मांगवाड्यातून कालपरवा आलेले, म्हणून परूशी आमच्यातला. परूशी म्हणजे येशूच्या काळचे यहुद्यांचे धर्मशिक्षक. तो आला की पोरांनी "ढोंगी! ढोंगी!" ओरडायचं आणि चिंचोके मारायचे, हा रिवाज. कानावर बसलेला चिंचोका लई लागतो.

पुढं लातूरला नर्स झाले. तरी दर वर्षी फोन यायचा, परूशी करायला ये. खोलीत एकटीच असायचे. बोलायला कुणी नाही, म्हणून शास्त्र वाचायला घेतलं आणि त्यात परूशी शोधू लागले. येशू त्यांना खडे बोल सुनावतो, खरंय. पण त्यांच्याच घरी जेवायलाही बसतो. येशूचा प्रेषित पौल तर छातीठोकपणे सांगतो, मी परूशी. पुढं यहुद्यांचं मंदिर पडलं, तेव्हा परूश्यांच्याच वाटेनं गेलेल्या रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, घरच्या जेवणात, प्रार्थनेत, शास्त्रावरच्या वादावादीत आपला धर्म जगवला. तो आजही जिवंत आहे. येशूचं भांडण घरातलं होतं. भावाभावांचं भांडण ऐकून शेजाऱ्यानं एका भावाच्या नावाची शिवी करावी, तसं आम्ही केलं.

शिवी. तिथं मी पुस्तक मिटलं. गावात कुणी नीच वागलं की आमच्या जातीचं नाव घेतात. नावाची शिवी कशी होते, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आणि तसल्याच दुसऱ्या शिवीची दाढी माझ्याच तोंडाला बांधत होते.

यंदा मी दाढी बांधू दिली नाही, हातातच घेतली. येशू झालेल्या पाळकांच्या पोरापुढं तशीच उभी राहिले आणि काही परूश्यांनी येशूला दिलेला इशारा आमच्या बोलीत सांगितला, "हितून नीघ बाबा. हेरोद राजा तुझ्या जिवावर उठलाय."

चिंचोके मुठीतच राहिले. पाळकसाहेब पडद्याआडून ओरडले, "ए, हे नाटकात न्हाई!"

"शास्त्रात हाय," मी म्हणाले.

मला खाली उतरवलं. दुसऱ्या दिवशी उपासनेला माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. आईसुद्धा पुढच्या बाकावर गेली. जाताना म्हणाली, "त्यांनी आपल्याला जागा दिली. कशाला नडतीस?" पाळकीणबाईंच्या बोलण्यानं झाली नव्हती एवढी एकटी मी त्या दिवशी झाले.

दाढी माझ्याकडं आहे. परत देणार नाही. पुढच्या वर्षी कुणी बोलावणार नाही, तरी मी जाणार. माझ्या जातीची शिवी मी ऐकून घेत नाही, परूश्यांच्या नावाचीही घेणार नाही. बाक रिकामा राहिला तर राहू दे, मी त्याच बाकावर बसेन.