चिखलातून वाईपर्यंत

दिवाळे गावच्या बायजाबाईला घड्याळ कळत नव्हतं, आणि मला घड्याळाशिवाय काही कळत नव्हतं. आमची ओळख झाली एक्क्याण्णव साली, बेलापूरच्या खाडीत. तेव्हा मी मांडीपर्यंत चिखलात होतो. पण आधी तिच्याबद्दल सांगतो. माझं काय, माझ्यासारखे मोजणीवाले त्या काळात नवी मुंबईत पैशाला पासरी होते.

बायजाबाई तेव्हा साठीची असेल. काटक अंगाची, आणि आवाज असा की खाडीत बोलली की गावातल्या देवळात ऐकू जावं. ओहोटी लागली की भावजय गोजराला घेऊन ती खाडीत उतरायची आणि चिखलात उड्या मारणारे बोटभर मासे, निवट्या, हातानं धरायची. दुपारी सारसोळ्याच्या नाक्यावर टोपली घेऊन बसायची. घासाघीस करणाऱ्याला आधी शिव्या, मग चार निवट्या जास्त, असा तिचा धंदा. हे सगळं मला नंतर कळलं. पहिल्या भेटीत माझ्या वाट्याला फक्त शिव्या आल्या.

मी एका खासगी कंत्राटदाराकडे मोजणीला होतो. वाईजवळचा गडी, डोंगर बघत वाढलेला. खारं पाणी बघितलं ते नोकरीला लागल्यावर. पण रुबाब असा की खाडीबद्दल मला कोणी शिकवायचं नाही. खिशात भरती-ओहोटीचा छापील तक्ता होता ना! त्या सकाळी ओहोटी सातची होती. आठपर्यंत काम उरकलं, सोबतचे दोघं टपरीवर चहाला गेले, आणि माझ्या लक्षात आलं की मोजणीची एक काठी पार पाण्याकडे रोवलेलीच राहिली. चपला काढल्या आणि निघालो.

बायजाबाई बाजूलाच निवट्या धरत होती. तिथूनच ओरडली, "ए बाला, तिकरनं नको जाऊ! पोकल हाय तो चिखल!"

मी म्हणालो, "मावशी, तुम्ही तुमचं काम करा."

काठी मिळाली. परत फिरलो, वीस पावलं आलो आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. तो काढायला डाव्यावर जोर दिला तर डावा मांडीपर्यंत. मग मी झाडतोय पाय, झाडतोय पाय, आणि जितका झाडतोय तितका आत. च्यायला, चिखल नव्हे, कोणीतरी खालून धरल्यासारखं वाटत होतं. मी बोंब मारली.

बायजाबाई तिच्या पद्धतीनं, पोटावर आडवी होत, सरपटत आली. माझ्यापासून चार हातांवर थांबली. "मेल्या, गाढवा, सांगितला व्हता ना?" मग एकदम शांत आवाजात, "काठी आरवी टाक. तिच्यावर हात टेक. पाय हलवायचा नाय." मी तसं केलं. तिनं गोजराला हाक मारली, "आगो, जेट्टीवर जा, दोन गरी मानसा आन, फली आन, दोर आन." गोजरा पळाली.

"मावशी, भरतीचं पाणी इथवर कधी?"

"दीड तास हाय अजून. लय येल हाय."

मनगटावर माझं घड्याळ होतं. आठ वाजून दहा मिनिटं. मी ठरवलं, शांत राहायचं. गोजरा जाणार, माणसं आणणार, अर्धा तास. काय मोठं! मी थांबलो. खूप थांबलो. पायांना मुंग्या आल्या, आई आठवली, देव आठवला, ज्याला उसनी सायकल दिली होती तोही आठवला. अर्धा तास झालाच असणार म्हणून घड्याळ बघितलं. आठ वाजून तेरा मिनिटं. बंद पडलं म्हणून कानाला लावलं. टिकटिक चालू. परत थांबलो, परत बघितलं. चौदा. मला रडू फुटलं. "मावशी, घड्याळ पुढंच सरकत नाही हो!" आणि बोलता बोलता मी पुन्हा पाय झाडायला लागलो.

"घड्याल दे इकरं!" ती इतक्या जोरात ओरडली की मी मुकाट काढून फेकलं. तिनं ते पदराच्या गाठीत बांधलं. म्हणाली, "डोले मीट. तुजा गाव कनचा? हितून गावाला कसा जातोस ता सांग. एकेक वलन सांग. चुकलास तर मार खाशील."

मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. पण डोळे मिटले आणि सांगायला लागलो. जुईनगरातल्या खोलीवरून पनवेल. पनवेलला एसटी. "एश्टीत जागा कुठं भेटली?" तिनं विचारलं. खिडकीशी. "बाजूला कोन?" कोण ते आठवावं लागलं. खोपोली, बोरघाट. "घाटात काय खाल्लास?" चिक्की. मग पुणं, स्वारगेट, दुसरी गाडी, कात्रज. ती सोडतच नव्हती. कंडक्टर कसा दिसतो, शिरवळच्या पुलाखाली नीरेला पाणी किती, सगळं. मलाही चेव आला. पाय आहेत हे मी विसरून गेलो.

शिरवळ सोडल्यावर मागून काहीतरी गार लागलं. "मावशी, ओलं लागतंय."

"चिखल वला नाय लागनार तं काय सुका लागंल? डोले उघरू नको. फुरं बोल."

खंबाटकी घाट चढायला घेतला. हा माझा आवडता तुकडा. मी एकेक वळण रंगवून सांगायला लागलो, तर बाई मध्येच तोडून म्हणाली, "घाट सोर. उतर खाली."

"अहो, वळणं राहिली की!"

"वलनं रवू दे. उतर! घर कुठं हाय?"

मला राग आला. आतापर्यंत चिक्कीचीसुद्धा चौकशी, आणि आता घाई? पण तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की मी सुरूर फाट्यावर उतरलो, चालत गावात शिरलो, चावडी, पिंपळ, आमची गल्ली. "दारात कोन हाय?" आई. राहीबाई तिचं नाव. "काय करते?" चुलीपुढं भाकरी थापतेय. "मंग बस तिच्याजवल," बायजाबाई अगदी हळू म्हणाली. "बस, बाला."

तेवढ्यात माझ्या काखेखाली दोर आला. गोजरा आणि दोन कोळी फळीवर आडवे होते. बायजाबाई स्वतः माझ्या मांड्यांभोवतीचा चिखल हातानं उकरत होती. मी डोळे उघडले आणि बघतो तर पाणी! माझ्या कमरेच्या वर, सगळीकडे पाणी. त्यांनी मला उपटून फळीवर घेतलं आणि ओढत काठाला आणलं. मागं बघितलं तेव्हा काठी तरंगत चालली होती.

आता कोणी शहाणा माणूस काय म्हणाला असता? मी म्हणालो, "खोटं बोललात तुम्ही! दीड तास म्हणालात!"

तिनं पदराची गाठ सोडून घड्याळ दिलं. दोन मिनिटं कमी नऊ. मला विचारलं असतं तर, डोळे मिटल्यापासून दहा मिनिटं झाली, असं मी छातीठोक सांगितलं असतं. पहिली चार मिनिटं अर्ध्या दिवसासारखी गेली, आणि पुढची चव्वेचाळीस कुठं गेली ते कळलंच नाही. उलट आज आठवायला बसलो की ती चार मिनिटं म्हणजे नुसता एक काळा डाग, आणि एसटीचा तो प्रवास मात्र रात्र संपेल पण संपायचा नाही.

खोलीवर आल्यावर स्वतःची लाज वाटली. रविवारी नारळ, साडी आणि पेढे घेऊन दिवाळ्याला गेलो. बायजाबाई ओट्यावर बोंबील साफ करत बसली होती. मी माफी मागितली. ती हसली. "खरा सांगितला असता तर पाय झारले असतेस नि मेला असतास."

"पण हे गावाचं कुठून सुचलं?"

मग तिनं सांगितलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी वादळात नवऱ्याची होडी परत आली नव्हती. ती दारात उभी राहून पाण्याकडे बघायची. सासूनं हाताला धरून आत नेलं आणि तिच्याकडून लग्नाची सगळी हकीकत पहिल्या हळदीपासून वदवून घेतली, कोण रुसलं, कोणाला काय वाढलं, सगळं. तिसऱ्या दिवशी नवरा आला. "उभी ऱ्हायले असते तं येडी झाले असते," ती म्हणाली.

मी पेढ्यांचा पुडा उघडला, तिच्या हातावर पेढा ठेवला आणि सहज विचारलं, "मावशी, आणि गोजरामावशी वेळेत आल्या नसत्या तर?"

तिनं पेढा खाल्ला नाही. तो परत पुड्यात ठेवला.

"म्हनून तं तुला घाटातून खाली पलवला, बाला. पानी कमरेला आला, गोजरा काय दिसं ना. म्हटला, माज्यानं याला वर काराला नाय जमनार. पन पानी नाकाला येन्याआधी आईजवल तरी पोचवीन."

मी तिच्या ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडलो. तिनं पदराला हात पुसले आणि माझ्या पाठीवर ठेवले.