धाकट्याशी भांडण

सोफ्याच्या गादीत शिवायची वाकडी सुई राहून गेली आणि ती नेमकी गिऱ्हाइकाच्या साडूंना टोचली. साडू घरी ओरडले, गिऱ्हाईक दुकानात येऊन ओरडलं, आणि चूक कबूल करायचं सोडून दादा त्याच्यावरच डाफरले. बसण्याआधी माणसानं गादी चाचपून बघावी म्हणे.

धाकटा भाऊ गेल्यापासून हे असंच चाललं होतं. दुकान दोघांचं. धाकटा रेक्झिन कापायचा, फोम बेतायचा. दादा शिवायचे, ठोकायचे. तो गेला त्या दिवशी जो तो येऊन सांगून गेला, तुम्ही मोठे, तुम्हीच खचलात तर बाकीच्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं. दादांनी ते मनावर घेतलं. भावजयीला सावरलं, आईला दोन घास भरवले, स्वतःचे डोळे कोरडे ठेवले. पुढे रडावंसं वाटलं तेव्हा रडू येईना. सकाळी अंथरुणातून उठवत नसे, जेवणाला चव लागत नसे, आणि त्याचा राग दोऱ्यावर, खिळ्यांवर, बायकोवर निघत असे.

सुईच्या प्रकरणानंतर बायकोनं ठणकावून सांगितलं, आधी मनाच्या डॉक्टरकडे, मग दुकान. मी काय वेडा आहे, असं दादांनी विचारल्यावर ती म्हणाली, "वेडे असतात तर एखाद्या वेळी हसला तरी असतात."

डॉक्टर निघाली पुतणीच्या वयाची. झोप? ठीक. भूक? ठीक. दादा दाराकडे बघत उत्तरं फेकत होते. मग तिनं विचारलं, आता दुकानात कापायचं काम कोण करतं.

"मीच करतो. आणि वाकडं कापतो," दादा म्हणाले. "त्याच्या छातीत दुखत होतं. महिनाभर. मला एका शब्दानं बोलला नाही. गॅस झालाय म्हणायचा, आणि मी शेजारी बसून खिळे ठोकत होतो. गाढव कुठला. सगळं माझ्या गळ्यात टाकून मोकळा झाला."

आवाज इतका चढला की बाहेर बाकावर बसलेली माणसं बोलायची थांबली. दादांनी टेबलावर हात आपटला. आता ही शांत व्हा म्हणणार, याची ते वाटच बघत होते. म्हणाली असती तर तिच्यावरही तुटून पडले असते.

तिनं पाण्याचा पेला जरा बाजूला सरकवला. "आणखी काय बोलायचं राहिलंय त्याच्याशी?"

बरंच राहिलं होतं. दादा बोलत सुटले ते पुढच्या पेशंटनं दार वाजवेपर्यंत. डोळ्यांत टिपूस नव्हतं, घसा मात्र पार बसला होता.

बाहेर बायको उभीच होती. "रडलात का?"

"नाही. भांडलो."

तिनं धसकून दाराकडे बघितलं. "त्या पोरीशी?"

"तिच्याशी कशाला भांडू?" गोळ्यांची चिठ्ठी त्यांनी तिच्या हातात कोंबली आणि तणतणत जिना उतरू लागले. "पुढच्या आठवड्यात परत यायचंय. त्याला अजून अर्धंसुद्धा ऐकवलेलं नाही."